दाजीपूर की रांगणा : मुलांना घेऊन डिसेंबरात तंबूतली रात्र कोठे काढावी?

पंचगंगाकाठ
१७ नोव्हेंबर, रात्री ९.१०

नमस्कार. आम्ही कोल्हापुरातील दोन कुटुंबे मिळून सात जण आहोत. त्यांत माझी तेरा वर्षांची मुलगी आणि मित्राचा अकरा वर्षांचा मुलगा आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची रानातली भटकंती करायचे आम्ही ठरवले आहे. गेल्या जुलैमध्ये दोन्ही मुलांनी आमच्याबरोबर पन्हाळा ते पावनखिंड ही वाट दोन दिवसांत पूर्ण केली, त्यामुळे त्यांच्या चालण्याची मला काळजी वाटत नाही. काळजी आहे ती रात्रीची.

मनात दोन जागा आहेत. पहिली दाजीपूरचे जंगल, म्हणजे राधानगरी अभयारण्य, आणि दुसरी भुदरगड तालुक्यातील रांगणा किल्ला. आमच्याकडे दोन तंबू आहेत, गॅसची लहान शेगडी आहे आणि सर्वांना पुरतील इतक्या स्लीपिंग बॅग आहेत. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी दाजीपूरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उघड्यावर काढलेल्या रात्रींची वर्णने ऐकतच मी मोठा झालो. तशी एक रात्र मुलांना मिळावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. अभयारण्यात तंबू लावता येतो का, येत नसल्यास त्याच्या जवळपास कोठे लावता येईल आणि मुले बरोबर असताना कोणती खबरदारी घ्यावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनी वाट
१७ नोव्हेंबर, रात्री १०.३५

तुमच्या वडिलांचे वर्णन वाचून मला माझे दिवस आठवले. मी १९८० च्या दशकात दाजीपूरला अनेकदा गेलो आहे. राधानगरीपर्यंत एसटीने जायचे, पुढे मिळेल त्या वाहनाने जायचे आणि संध्याकाळी सड्यावर पोहोचायचे, असा आमचा क्रम असे. वाळलेली लाकडे गोळा करून मोठी शेकोटी पेटवायची, पाळीपाळीने रात्रभर तिच्यात लाकूड घालत राहायचे आणि पहाटे सड्याच्या कडेला येऊन कोकणातले धुके पाहायचे. शेकोटी पेटती असली की जनावर जवळ येत नाही, हे आम्हाला वडीलधाऱ्यांनी सांगितले होते आणि आमचा अनुभवही तसाच होता. मुलांना हे सारे दाखवाच, असे मी म्हणेन. आताचे नियम मात्र कोणीतरी सांगावेत, कारण माझी माहिती जुनी आहे.

राईतला
१८ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

माझे गाव राधानगरी तालुक्यात अभयारण्याच्या हद्दीला लागून आहे आणि आमच्या घरातील दोघे पर्यटकांबरोबर वाटाडे म्हणून जंगलात जातात. त्यामुळे मी थोडे सविस्तर लिहितो.

अभयारण्यात आपल्या मनाने तंबू लावता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यातील प्रवेशावरच निर्बंध आहे आणि कलम २८ नुसार परवाना घेऊन आत जावे लागते. परवाना दिवसा फिरण्याचा असतो. अंधार पडण्यापूर्वी सर्वांनी बाहेर यावे लागते. कचरा टाकणे आणि प्राण्यांना त्रास देणे यांस कलम २७ मध्येच मनाई आहे. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवणे किंवा पेटता ठेवणे, हे कलम ३० खाली येते. जुनी वाट काका, आपण ज्या शेकोटीचे वर्णन केलेत ती आज गुन्हा ठरेल, हे मी आदरपूर्वक सांगतो.

कायद्याच्या मागचे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. हे जंगल पूर्वी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे रान होते. १९५८ साली ते गव्यांसाठी राखून ठेवले गेले आणि ते महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य ठरले. आज त्याचे क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि उत्तरेकडील सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आणि दक्षिणेकडील गोवा-कर्नाटकातील जंगले यांना जोडणाऱ्या पट्ट्यात ते येते. गवा दिवसाच्या उन्हात दाट झाडीत थांबतो आणि संध्याकाळी चरायला, पाणी प्यायला मोकळ्यावर उतरतो. सड्यावरचे गवत आणि सड्याच्या कडेचे पाणवठे हे त्याचे रात्रीचे जेवणघर आहे. आपण तंबू लावायला जी सपाट, मोकळी, पाण्याजवळची जागा शोधतो तीच जागा त्यालाही हवी असते. रात्री आपण तेथे बसलो तर कळप पाण्यावाचून परत जातो. तो हल्ला करील ही भीती मुलांच्या बाबतीत खरी आहेच, पण त्याला उपाशी परत पाठवणे हेही मला तितकेच गंभीर वाटते.

दाजीपूरला वन विभागाची राहण्याची सोय आहे. तिचे आरक्षण आधी करावे, कारण डिसेंबरात गर्दी असते. दिवसा परवाना आणि स्थानिक वाटाड्या घेऊन आत जावे, ठक्याचा वाडा आणि सावराई सडा ही जंगलातली ठिकाणे पाहावीत आणि सूर्य मावळण्याआधी बाहेर यावे. तंबू लावायचाच असेल तर हद्दीबाहेरच्या वाडीत कोणाच्या तरी खळ्यात, घरमालकाला विचारून लावावा.

जुनी वाट
१८ नोव्हेंबर, दुपारी १.०५

राईतला, आपण लिहिलेले मी दोनदा वाचले. पाणवठ्याविषयीचा मुद्दा मला पूर्णपणे पटला. त्या काळी आम्ही मुद्दाम पाण्याजवळच मुक्काम करत असू आणि गवे दिसले नाहीत म्हणून पहाटे हळहळत असू, याचे कारण आज उमगले. शेकोटीबद्दल मात्र एक शंका उरतेच. जंगलाच्या हद्दीबाहेर, वाडीच्या कडेला मुक्काम असेल तरी अस्वल येऊ शकते. तेथे लहानशी शेकोटी नसावी का?

राईतला
१८ नोव्हेंबर, सायंकाळी ६.४०

वाडीत घराच्या अंगणात चूल असतेच, तिच्याजवळ बसून शेकायला कोणाचीच हरकत नाही. उघड्या माळावर मात्र डिसेंबरपासून गवत इतके वाळलेले असते की एक ठिणगी उडाली तर चार तरुण पोरांनाही ती आग आवरत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात आमच्याकडे जे वणवे लागतात, त्यांतले सारेच कोणी मुद्दाम लावलेले नसतात.

अस्वलाबद्दल सांगतो. अस्वलाची नजर अधू असते आणि वाऱ्याच्या दिशेमुळे त्याला आपला वास आला नाही तर ते अगदी जवळ येईपर्यंत त्यालाही आपली चाहूल लागत नाही. अचानक समोर आल्यावर ते बिथरते. म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला झाडीतून चालू नये, चालावेच लागले तर सर्वांनी एकत्र, नेहमीच्या आवाजात बोलत चालावे. रात्री तंबूबाहेर जाताना बॅटरी लावून, दोघांनी मिळून जावे. खाण्याचे पदार्थ तंबूत ठेवू नयेत, घरात किंवा गाडीत ठेवावेत. एवढे पाळले तर शेकोटीची उणीव भासत नाही.

सोनकी
१८ नोव्हेंबर, रात्री ९.५०

मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि गेली अनेक वर्षे विद्यार्थ्यांना घेऊन पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जाते. सड्यावर तंबू लावण्याबद्दल वनस्पतींच्या बाजूने काही सांगणे मला आवश्यक वाटते, कारण वर गव्यांची बाजू आली आणि ती पुरेशी वाटून सड्याची स्वतःची बाजू राहून जाईल.

सडा उन्हाळ्यात उजाड दिसतो, म्हणून तेथे काही बिघडण्यासारखे नाही असा समज होतो. जांभ्या दगडाच्या त्या पृष्ठभागावर माती काही ठिकाणी दोन बोटांइतकीच असते. त्या मातीत सीतेची आसवे, दवबिंदू, गेंद, कवला यांचे बी आणि कंद पुढच्या पावसाची वाट पाहत असतात. सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती आहेत. जांभ्यावरच्या पातळ मातीत पोषक द्रव्ये इतकी कमी असतात की त्यांना नत्र मिळवण्यासाठी किडे धरावे लागतात. अशा जागी एक शेकोटी पेटली की खालचे बी भाजून निघते आणि ते काळे वर्तुळ पुढे कित्येक पावसाळे उघडे राहते. मी अशी वर्तुळे वर्षानुवर्षे त्याच जागी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट दगडांची. कातळात खुंट्या जात नाहीत, म्हणून लोक आजूबाजूचे दगड उचलून तंबूच्या दोऱ्यांवर ठेवतात. सड्यावरच्या सुट्या दगडांखाली पाली, बेडूक, विंचू राहतात आणि फुरसे हा विषारी सापही तेथेच असतो. दगड उचलला की त्या जिवाचे घर जाते आणि उचलणाऱ्याचा हात फुरशासमोर येतो. मुले अशा कामात उत्साहाने धावतात, म्हणून त्यांना हे आधीच समजावून सांगावे. तुम्ही खळ्यात तंबू लावणार असाल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तेथील सारवलेल्या जमिनीत खुंट्या ठोकण्यापूर्वी मात्र घरमालकिणीला विचारावे, कारण ती जमीन तिने आपल्या हातांनी केलेली असते.

पंचगंगाकाठ
१८ नोव्हेंबर, रात्री १०.३०

सर्वांचे आभार. अभयारण्यात तंबू नाही, सड्यावर तंबू नाही, हे आता निश्चित झाले. वडिलांना मी हा धागा वाचून दाखवला. ते बराच वेळ शांत होते आणि मग त्यांनी विचारले की ठक्याच्या वाड्याला अजून जाता येते का. आता रांगण्याबद्दल कोणी सांगू शकेल का?

भुदरगडकर
१९ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

रांगण्याला कोल्हापुरातून गारगोटीमार्गे पाटगावला यावे, पुढे तांब्याची वाडी आणि चिक्केवाडी अशी वाट आहे. शेवटचा टप्पा दाट झाडीतून जातो आणि बहुतेक सावलीतला आहे. गड वर चढून जाण्याऐवजी घाटमाथ्यावरून जवळजवळ सपाटीने चालत गाठायचा असतो. पश्चिमेकडे उभे राहिले की थेट कोकण दिसते. गडावर तलाव आहे आणि रांगणाई देवीचे मंदिर आहे. अनेक भटके मंदिरात मुक्काम करतात.

मंदिरातल्या मुक्कामाविषयी माझे मत सांगतो, ते सर्वांना पटेलच असे नाही. देवळात पांथस्थाने रात्र काढणे ही आपली जुनी रीत आहे आणि ती मोडू नये असे मला वाटते. मात्र देवळात मुक्काम करणाऱ्याने तेथे मांसाहार आणि मद्य नेऊ नये, सकाळी जागा झाडून काढावी आणि आपला सर्व कचरा खाली आणावा. मी गेल्या काही वर्षांत तलावाच्या काठावरून जे उचलून आणले आहे ते येथे लिहिण्यासारखे नाही. मुले बरोबर असतील तर पाटगाव परिसरात मुक्काम करून पहाटे निघावे आणि दुपारी परतावे, हे मला अधिक योग्य वाटते.

आता सर्वांत महत्त्वाचे. पाटगाव हे मधाचे गाव म्हणून ओळखले जाते आणि आमच्याकडे मधमाशांना जपणारे अनेक जण आहेत. जंगलातल्या उंच झाडांवर आणि कड्यांवर आग्या मोहोळे असतात. काही वर्षांपूर्वी एका गडावर आमच्या पुढे असलेल्या गटाने बुरुजाच्या आडोशाला चहासाठी काटक्या पेटवल्या. वरच्या कड्याला मोहोळ होते. धूर वर गेला आणि दोन-तीन मिनिटांत माशा उठल्या. मी माझ्या भाच्याच्या अंगावर चादर टाकून त्याला झाडीत ओढत नेले, तरी त्याला वीसहून अधिक डंख झाले आणि पुढचे दोन दिवस तो दवाखान्यात होता. तेव्हापासून मी गडावर काडी ओढत नाही. भडक अत्तर, केसांना लावायचे सुगंधी तेल, मोठ्याने वाजवलेले संगीत हेही टाळावे. माशा उठल्याच तर हात न हलवता, तोंड कापडाने झाकून त्या जागेपासून वेगाने दूर जावे, शक्य असल्यास दाट झुडपांत शिरावे. पाण्यात उडी मारू नये, माशा वर घिरट्या घालत थांबतात.

माळरान
१९ नोव्हेंबर, सकाळी ११.००

विषयाला धरूनच एक उपप्रश्न विचारतो. आम्ही मे महिन्यात मसाई पठारावर तंबू लावण्याचा विचार करत होतो. सोनकीताईंचे म्हणणे वाचून तो सोडून देतो आहोत, परंतु पायथ्याच्या एखाद्या वाडीत मुक्काम करून पठारावर संध्याकाळी चालायला जावे का?

सोनकी
१९ नोव्हेंबर, दुपारी ३.२५

मे महिन्यात संध्याकाळी पठारावर जाऊ नये. वळवाचे ढग दुपारनंतर भरून येतात आणि मैलभर सपाटीवर तुम्ही सर्वांत उंच वस्तू असता. वीज दिसल्यानंतर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज धोक्याच्या अंतरात आली असे समजावे आणि त्याआधीच उतरायला लागावे. एकट्या झाडाखाली थांबू नये. पहाटे जाऊन दहाच्या आत परत यावे, पांडवदऱ्याची लेणीही त्याच वेळात पाहून होतात.

निर्गुडी
१९ नोव्हेंबर, रात्री ८.४५

मी डॉक्टर आहे आणि स्वतः भटकंती करते. काही गोष्टी मुलांच्या दृष्टीने लिहिते.

डिसेंबरात जळवा नसतात, पण गोचीड असतात. माकडताप हा गोचिडीमार्फत पसरणारा विषाणूजन्य आजार १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला आणि २०१६ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले आहेत. हिवाळा आणि उन्हाळा हाच त्याचा काळ असतो. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, पालापाचोळ्यात थेट बसू नये आणि रोज संध्याकाळी मुलांच्या काखा, मांड्या, कानामागची जागा आणि केस तपासावेत. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल लावणे, चटका देणे हे उपाय करू नयेत. परतल्यानंतर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आवर्जून सांगावे.

सापाविषयी एवढेच सांगते की दंश झाल्यास कापणे, चोखणे, घट्ट बांधणे यांपैकी काहीही करू नये. हात किंवा पाय फळीला बांधतो तसा स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये आणि १०८ ला फोन करून प्रतिविष असलेल्या जवळच्या रुग्णालयाकडे निघावे. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी असते. पश्चिम घाटातील हिरव्या किंवा तपकिरी चापड्याच्या दंशावर ते चालत नाही, तेथे लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. म्हणून साप कोणता हे पाहण्यासाठी त्याच्या मागे जाऊ नये, पण सहज दिसला असेल तर वर्णन लक्षात ठेवावे. जंगलात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. शेवटची रेंज कोठे मिळाली, ती जागा एकाने वहीत लिहून ठेवावी.

वेदगंगा
२० नोव्हेंबर, सकाळी ९.३०

या विषयावर पुरुष मंडळी सहसा लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. तुमच्या गटात तीन-चार स्त्रिया आणि एक वयात येणारी मुलगी असेल. मुक्काम कोठे हे ठरवताना शौचाची सोय हा पहिला प्रश्न असावा, शेवटचा नसावा. घराच्या अंगणात तंबू लावण्याचा सल्ला मला याच कारणाने फार योग्य वाटतो.

दिवसा वाटेवर गरज पडली तर वाटेपासून आणि पाण्यापासून किमान साठ मीटर, म्हणजे सुमारे ऐंशी पावले दूर जावे, लहान खुरप्याने वीतभर खोल खड्डा करावा आणि नंतर मातीने नीट बुजवावा. सड्यावर माती नसल्यामुळे हे शक्य होत नाही, म्हणून झाडीतला टप्पा असतानाच थांबावे. सॅनिटरी पॅड आणि ओले टिश्यू पुरू नयेत, जनावरे ते उकरून काढतात. वर्तमानपत्रात गुंडाळून जाड पिशवीत घालून परत आणावेत. माझ्या मुलीला पहिल्यांदा हे सांगताना मला संकोच वाटला होता, परंतु तिने ते इतक्या सहजपणे स्वीकारले की पुढच्या वेळी पिशवी तिनेच भरली.

तीन खुंटी
२० नोव्हेंबर, दुपारी १२.४०

तंबूविषयी थोडेसे लिहितो. डिसेंबरात घाटमाथ्यावर दव इतके पडते की पहाटे बाहेरचे कापड पिळून काढावे लागते. थंडी वाजते म्हणून लोक तंबूच्या सर्व चेन आणि झडपा बंद करतात. मग माणसांच्या श्वासातली वाफ आतल्या कापडावर गार होऊन थेंब बनते आणि स्लीपिंग बॅग भिजतात. वरच्या झडपा उघड्या ठेवाव्यात, थंडीसाठी अंगावर एक थर वाढवावा. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते, म्हणून मॅट चांगली असावी. तंबूच्या आत गॅसची शेगडी कधीही पेटवू नये. तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वासावरून कळत नाही आणि झोपेतच माणूस दगावतो.

आणखी एक, आपल्या कोल्हापूरकरांसाठी. रस्सा मंडळ, म्हणजे मित्रांनी जमून मटणाचा रस्सा करण्याचा बेत, ही आपली आवडती गोष्ट आहे आणि मलाही ती प्रिय आहे. पण तांबडा-पांढरा रस्सा शेतावर करावा, जंगलाच्या कडेला करू नये. मटणाचा वास आणि टाकलेली हाडे रात्री कुत्र्यांना बोलावतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. वाडीतल्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवले तर नाचणीची भाकरी, आमटी, खर्डा असे जेवण मिळते. त्याचे पैसे ठरवून द्यावेत, घासाघीस करू नये.

पंचगंगाकाठ
२४ डिसेंबर, रात्री ९.००

आम्ही जाऊन आलो. येथे ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना वृत्तान्त देणे मी माझे कर्तव्य समजतो. आमच्याबरोबर माझे वडीलही आले होते, म्हणजे आम्ही आठ जण झालो.

शुक्रवारी दाजीपूरला वन विभागाच्या निवासात राहिलो. दुपारी परवाना काढून, एका स्थानिक वाटाड्यासह वाहनाने आत गेलो. ठक्याच्या वाड्याजवळ वडील खाली उतरले. त्यांना जी जागा आठवत होती ती सापडली नाही, कारण तेथे आता दाट झाडी आहे. त्यांना वाईट वाटेल असे मला वाटले होते, पण ते वाटाड्याला म्हणाले की येथे उघडे रान होते, हे बरे झाले. परतताना एका वळणावर गाडीच्या पुढे तीसेक पावलांवर एक एकटा नर गवा रस्त्यात उभा होता. वाटाड्याने इंजिन बंद करायला सांगितले. आम्ही चाळीस मिनिटे बसून राहिलो. गव्याने दोनदा फुत्कार टाकला, मान खाली घातली आणि पुन्हा वर केली, आणि अखेर तो उतारावरून खाली गेला. त्या वेळात दोन्ही मुलांपैकी कोणीही एक शब्द बोलले नाही. कळपापासून वेगळ्या राहणाऱ्या नराला वाट मोकळी ठेवायची असते, हे त्यांना पुन्हा कधीही सांगावे लागणार नाही.

शनिवारी दुपारपर्यंत पाटगाव भागात आलो आणि एका शेतकरी कुटुंबाच्या खळ्यात तंबू लावले. खुंट्या ठोकण्याआधी विचारले, तेव्हा घरच्या आजींनी खळ्याच्या कडेची कच्ची जागा दाखवली आणि सारवलेल्या भागावर चप्पल घालून जाऊ नका असे बजावले. रात्री त्यांच्याच चुलीजवळ जेवलो. माझ्या मुलीला नाचणीची भाकरी आवडत नसे, तिने तेथे अडीच भाकऱ्या खाल्ल्या. नऊ वाजता सगळे दिवे मालवले आणि आम्ही खळ्यातच आडवे झालो. त्या अंधारात आकाशात इतक्या चांदण्या होत्या की मित्राच्या मुलाला मृग नक्षत्र शोधायला वेळ लागला, एरवी रंकाळ्यावरून ते त्याला चटकन दिसते. वडिलांनी त्याला बाण आणि व्याध दाखवला.

चूकही सांगतो. दुसऱ्या तंबूत मित्राने थंडीमुळे झडपा बंद केल्या. पहाटे चार वाजता त्याच्या मुलाची स्लीपिंग बॅग पायाकडून पूर्ण भिजलेली होती आणि तो कुडकुडत होता. आजींनी त्याला घरात घेऊन वाकळ दिली. तीन खुंटी यांनी लिहिलेले आम्ही वाचले होते, पण दोन्ही तंबूंतल्या सर्वांना मी ते वाचून दाखवायला हवे होते.

रविवारी पहाटे नव्हे तर उजाडल्यावर, सात वाजता चालायला सुरुवात केली. वाटाड्या पुढे, मुले मध्ये, मी शेवटी. गडावर साडेतीन तास थांबलो. मंदिराच्या मागच्या बाजूला मोठे मोहोळ असल्याचे वाटाड्याने दुरूनच दाखवले, म्हणून गॅसची शेगडीही पेटवली नाही, दशम्या आणि दह्याची चटणी खाल्ली. वडील अर्ध्या वाटेवर एका गावकऱ्याबरोबर थांबले होते, ते आम्हाला परतताना भेटले. संध्याकाळी मुलीच्या पोटरीवर एक गोचीड सापडली. चिमट्याने काढली, आणि आता ताप येतो का याकडे लक्ष ठेवून आहोत.

जुनी वाट
२५ डिसेंबर, सकाळी ६.५०

ठक्याच्या वाड्याजवळ आता दाट झाडी आहे हे वाचून मला फार समाधान वाटले. आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांची हरकत नसेल तर जानेवारीत आम्ही दोघे मिळून पुन्हा दाजीपूरला जाऊ. निवासातच राहू, शेकोटी पेटवणार नाही.

निर्गुडी
२५ डिसेंबर, सकाळी १०.१०

गोचीड पूर्ण निघाली का? तोंडाचा भाग कातडीत राहिला असेल तर जागा लाल होते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रोज ताप मोजावा.

पंचगंगाकाठ
५ जानेवारी, रात्री ८.२०

गोचीड पूर्ण निघाली होती आणि ताप आलेला नाही. जुनी वाट काका, वडिलांनी आपला नंबर मागितला आहे, तो मला खासगी संदेशात पाठवावा. त्यांनी जानेवारीतल्या तिसऱ्या शनिवारचे आरक्षण करून ठेवले आहे, दोघांचे.